धुराला रकाना नाही

ताम्हणेबाई मटण घ्यायला गेल्या की खाटकाला आधी भाव विचारत नसत. बकऱ्याच्या जाण्याची वेळ विचारत. "कितने बजे गए?" हे त्या इतक्या हळू आवाजात विचारत की शेजारी उभ्या माणसाला वाटावं, बाई समाचाराला आल्या आहेत. खाटीकही लखनौचा. तो सुरी खाली ठेवून, मान किंचित झुकवून सांगे, "जी, सुबह पाँच के क़रीब।" बाई घड्याळ बघत, बोटांवर तास मोजत आणि "अभी अकड़ा होगा, चार बजे आती हूँ" असं सांगून निघून जात. चारला खरंच हजर होत. खाटकाने तोवर त्यांचा तुकडा बाजूला काढून ठेवलेला असे.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन उभा होतो. शाकाहारी माणसाने खाटकाच्या दुकानापासून जेवढं लांब उभं राहावं तेवढा लांब. बाई माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "स्नायू मेला तरी त्याला ते कळायला वेळ लागतो, कुलकर्णी. आधी ताठतो, मग सैल पडतो. मोठ्या खुर्चीवरून उतरलेल्या साहेबाचं होतं ना, तसंच."

गोमती नगरातल्या एका सरकारी अन्न-प्रयोगशाळेत त्या मांस विभागाच्या प्रमुख होत्या. मी प्रशासन अधिकारी होतो. म्हणजे विज्ञान सोडून सगळं माझ्याकडे. टाचण्या, रजा, पाण्याची टाकी, परिपत्रकं. बाई रोह्याच्या सीकेपी. ज्यांना सीकेप्यांचं स्वयंपाकघर माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून पटणार नाही. यजमान रेल्वेत इंजिनिअर, त्यांच्या बदलीमागून त्या लखनौला आल्या. यजमान गेले, बाई राहिल्या. मुलगा बंगळुरात, आईच्या मराठी प्रश्नांना "हाँ आई, खा लिया आई" अशी हिंदी उत्तरं देई. बाईंचं स्वतःचं हिंदी मात्र तीस वर्षांत रोह्याच्या कुंडलिका नदीचा पूल ओलांडून पुढे आलं नव्हतं. लखनौकर ते हिंदी ऐकून मनातल्या मनात कळवळत आणि तोंडाने "वाह" म्हणत.

त्यांचा विषय थोडक्यात सांगायचा तर असा: मांसातल्या प्रथिनांना बारीकसारीक रेणू येऊन चिकटतात आणि त्यांचा स्वभाव बदलून टाकतात. प्रथिन म्हणजे केवढा तरी मोठा गुंता, आणि चिकटणारा त्याच्यापुढे चिलटाएवढा. पण रंग, मऊपणा, रस, सगळं त्या चिलटाच्या मर्जीवर. "मोठा रेणू मिरवतो, छोटा रेणू काम करतो," असं बाई म्हणत. हे वाक्य त्या प्रामुख्याने संचालकसाहेबांच्या बैठकीतून बाहेर पडताना म्हणत, त्यामुळे त्यातलं रसायनशास्त्र किती आणि इतर शास्त्रं किती, हे मी कधी विचारलं नाही.

एकदा आमच्या महाराष्ट्र मंडळाने त्यांना महिलांसमोर व्याख्यान द्यायला बोलावलं. अट एकच, मांसाचं नाव घ्यायचं नाही. बाई तयार झाल्या. त्यांनी सगळ्यांच्या हातावर कच्च्या सुपारीचा एकेक तुकडा ठेवला आणि चघळायला सांगितला. दोन मिनिटांत पन्नास तोंडं आवळली गेली. "आता तुमच्या तोंडात काय झालं माहीत आहे? लाळेत प्रथिनं असतात, ती जिभेला गुळगुळीत ठेवतात. सुपारीतले बारके रेणू त्यांना जाऊन चिकटले आणि त्यांची मोट बांधली. म्हणून जीभ कोरडी, खरखरीत." सगळ्या प्रभावित झाल्या. एकीने टाळीही वाजवली. मग बाई अतिशय गोड हसून म्हणाल्या, "लवंग आणि दालचिनी मटणाला नेमकं हेच करतात." मंडळाने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. पण त्यानंतर अध्यक्षीणबाईंचे यजमान संध्याकाळी फिरायला म्हणून बाईंच्या घरी जाऊ लागले, आणि परतताना त्यांच्या अंगाला खिम्याचा वास येई, अशी वदंता होती.

या लवंगेवरूनच त्यांचं आणि संचालकसाहेबांचं बिनसलं होतं. साहेबांच्या दारावरची पाटी अशी होती की तिच्यात पदव्यांच्या गर्दीतून नाव शोधावं लागे. एका समारंभात साहेब व्यासपीठावरून सांगत होते की आपल्या शहरातला कबाब ओठांवर विरघळतो तो शंभरावर मसाल्यांच्या गुप्त संयोगामुळे, दात गमावलेल्या नवाबासाठी बावर्चींनी केलेली ती तपश्चर्या होती, वगैरे. शेवटी साहेबांनी औदार्याने बाईंकडे हात केला, "मैडम इस पर कुछ कहेंगी।" बाई उठल्या. "पपई," त्या म्हणाल्या. "कच्ची. छिलके के साथ. मसाले तो उलटा कसते हैं।" आणि बसल्या. सभागृहात जो हशा पिकला त्याची नोंद इतिवृत्तात नाही, कारण इतिवृत्त मी लिहिलं.

आता मुख्य गोष्ट. बाईंच्या निवृत्तीला महिना उरला होता. लवंगेवरचं त्यांचं काम अर्ध्यावर होतं, म्हणून निवृत्तीनंतर दोन वर्षं सल्लागार म्हणून राहू द्यावं, असा अर्ज त्यांनी केला होता. फाइल माझ्या हातून साहेबांच्या टेबलावर गेली होती आणि साहेबांचा कल बरा दिसत होता. बाईंनी आयुष्यात स्वतःसाठी केलेला तो बहुधा एकमेव अर्ज. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, "काम राहिलंय."

त्याच सुमारास अमीनाबादेतल्या शकीलभाईंच्या दुकानात बसून कुणी तरी मोबाइलवर कबाब मोडतानाचं चित्रण केलं. कबाब आतून गुलाबी. "रंग मिलाते हैं या कच्चा खिलाते हैं?" एवढं एक वाक्य खाली लिहिलं आणि शहरभर सोडून दिलं. दोन दिवसांत निरीक्षक आले, नमुना घेतला, दुकानाला टाळं लागलं. परवाना राहणार की जाणार, हे आमच्या अहवालावर. सुनावणी सोमवारी होती.

नमुना आला तेव्हा बाई भाचीच्या लग्नाला रोह्यात होत्या. तपासणी केली तिवारींनी. तिवारी पन्नाशीचे, सज्जन, आणि कागदावर जे आहे तेवढंच करणारे. त्यांनी कृत्रिम रंगांच्या सगळ्या चाचण्या केल्या. एकही रंग सापडला नाही. कबाब कच्चाही नव्हता. मग नियमाप्रमाणे तुलनेसाठी स्वतः एक कबाब करायचा होता. नमुन्यासोबतच्या अर्जात 'घटक' नावाचा रकाना असतो. त्यात लिहिल्याप्रमाणे बकऱ्याचा खिमा, पपई, तूप, मीठ, मसाले घेऊन तिवारींनी विजेच्या शेगडीवर कबाब केला. तो आतून छान तपकिरी झाला. अहवालात त्यांनी लिहिलं, "नमुन्याचा गुलाबी रंग अनाकलनीय व संशयास्पद."

साहेबांना 'संशयास्पद' हा शब्द फार आवडला. शनिवारी पत्रकारांना बोलवायचं ठरलं. फक्त विभागप्रमुखाची सही राहिली होती. गुरुवारी सकाळी बाई रजेवरून आल्या, पिशवीतला लग्नाचा लाडू माझ्या टेबलावर ठेवला, अहवाल वाचला आणि सही न करता तो घेऊन तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या. मागून मी, कारण साहेबांनी मलाही बोलावलं होतं.

"मैडम, इसमें ग़लत क्या है?" साहेब म्हणाले. "रंग है, और कहाँ से आया, कोई बता नहीं सकता।"

"सर, अपने को मालूम नहीं, इसका मतलब वो चोर है, ऐसा कैसा होगा?"

"शहर की सेहत का सवाल है।"

"सेहत का कुछ नहीं हुआ. पका हुआ है, जंतू नहीं, रंग नहीं. खाली अपना कबाब भूरा हुआ, ये हुआ है।"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आपकी फ़ाइल भी देख रहा था आज। बहुत अच्छा काम है आपका। अगले दो साल आराम से कीजिए। इस पर साइन कर दीजिए।"

बाईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. "कल तक बताती हूँ," म्हणाल्या. जिन्यावर मला म्हणाल्या, "चला कुलकर्णी, अमीनाबाद. तुम्ही कोथिंबीर घेऊन लांब उभे राहा."

दुकानाच्या दारावर सरकारी मोहोर होती. शकीलभाई शेजारच्या कापडवाल्याच्या ओट्यावर बसले होते. साठीचे गृहस्थ, पांढराशुभ्र कुर्ता, दुकान बंद असूनही हाताला तुपाचा वास. त्यांच्यासोबत त्यांचे दोन भाऊ आणि एक पुतण्या, चौघांची चूल त्या एका तव्यावर. बाईंनी ओळख सांगताच ते उठून उभे राहिले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "डॉक्टर साहिबा, चाय पीजिए, शरबत पीजिए, सर माँगिए तो सर हाज़िर है। मगर नुस्ख़ा न माँगिएगा। परवाना जाए तो जाए।"

"नुस्खा आप के पास रखो," बाई म्हणाल्या. "मेरेको मसाले में कुछ इंट्रेस्ट नहीं. ये बताओ, धुआँ कब देते हो?"

शकीलभाई पुन्हा ओट्यावर बसले. मग हसले. "आपा, दादा के वक़्त से दुकान है। यह सवाल आज तक किसी ने नहीं पूछा। सब जावित्री-इलायची पूछते हैं।"

मग त्यांनी सांगितलं. खिमा कच्चा असतानाच परातीत पसरायचा, मधोमध वाटीत पेटता कोळसा, त्यावर तूप, आणि वरून झाकण. धूर जिरला की खिमा उलथायचा, पुन्हा कोळसा. असं तीनदा. बाकीचे लोक एकदा देतात, तेही वासापुरतं. त्यांच्या दादांनी, म्हणजे आजोबांनी, तीनदा सांगितलं म्हणून तीनदा.

"और फॉर्म में क्यों नहीं लिखा?"

"फ़ॉर्म में पूछा था क्या-क्या डालते हो," शकीलभाई म्हणाले. "धुआँ कोई डालता थोड़े ही है, आपा। वह तो दिया जाता है।"

परतताना ई-रिक्षात बाई इतक्या खुशीत होत्या की त्यांनी मला सबंध रसायनशास्त्र तिथेच सांगितलं. मांसाचा लाल रंग ज्या प्रथिनाचा, त्याच्या पोटात लोहाचा एक कण असतो, आणि त्या कणापाशी एकाला बसायला जागा. "एरवी तिथे ऑक्सिजन बसतो. तो पाहुणा. आला, चहा प्यायला, उठला. म्हणून शिजवलं की लाल रंग जातो आणि मांस तपकिरी होतं. पण कोळशाच्या धुरातले वायू तिथे जाऊन बसले ना, की ते भाडेकरू! पागडीचे! प्रथिन शिजलं, मोडलं, इमारत कोसळली तरी जागा सोडत नाहीत. रंग गुलाबीच राहतो. आणि शकीलभाई कच्च्या खिम्यालाच तीनदा धूर देतायत, म्हणजे चाळच्या चाळ भरली." रिक्षावाल्याने वळून विचारलं, "मैडम, कहीं मकान ख़ाली हुआ है क्या?"

मग त्या एकदम गंभीर झाल्या. "तिवारींनी कोळसा का नाही वापरला, कुलकर्णी?"

मी रस्त्याकडे बघू लागलो. प्रयोगशाळेच्या आवारात कोळसा, सरपण, उदबत्ती व तत्सम काहीही पेटवू नये, असं परिपत्रक दोन वर्षांपूर्वी निघालं होतं. भाषा चांगली होती. माझी होती.

"हं," बाई म्हणाल्या. "मग आता परवानगीची भाषाही तुम्हीच बघा."

शुक्रवारी सकाळी मी आदेश काढला: शासकीय कामासाठी, एका दिवसापुरते, निखारे नग सहा. पोर्चमध्ये वाळूच्या दोन बादल्या ठेवल्या. आग विझवायचं नळकांडं घेऊन सुरक्षारक्षक उभा केला. तो उपाशीपोटी आला होता, हे त्याच्या नजरेवरून कळत होतं. बाईंनी स्वतः हात लावला नाही. सगळं तिवारींकडून करवून घेतलं. एकच खिमा, दोन वाटण्या. एकीला तीनदा धूर, दुसरीला नाही. दोन्ही एकाच तव्यावर, सारखाच वेळ. तिवारी दर उलथण्याला घड्याळ बघत होते. "मैम, मुझसे ग़लती हो गई?" त्यांनी हळूच विचारलं.

"आपने फॉर्म के माफिक किया. फॉर्म में धुएँ का कॉलम नहीं. अब काटो।"

तिवारींनी दोन्ही कबाब मोडले. एक तपकिरी. दुसरा आतून गुलाबी, थेट मोबाइलवरच्या चित्रातला. पोर्चमध्ये तोवर कारकून, माळी, शिपाई असे पंचवीस-तीस जण गोळा झाले होते, आणि विज्ञानाविषयी एवढी आस्था त्या इमारतीत मी एरवी पाहिली नव्हती. बाईंनी गुलाबी तुकडा रंग मोजायच्या यंत्राखाली ठेवला, शकीलभाईंच्या सीलबंद नमुन्यातला उरलेला तुकडाही ठेवला, आणि दोन्हींचे आलेख एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात साहेबांना दाखवले. दोन रेघा एकच दिसत होत्या.

साहेबांनी आलेख हातात घेऊन उलटसुलट फिरवून पाहिले. माणूस मूर्ख नव्हता. नुसता मोठा होता. "ठीक है," ते म्हणाले. "लिख दीजिए, आगे जाँच की आवश्यकता है।"

"आगे जाँच मतलब दुकान छह महीना बंद. चार घर का चूल्हा है, सर।"

"तो फिर क्या लिखेंगी? कि प्रयोगशाला से चूक हुई?"

"हो," बाई मराठीत म्हणाल्या.

त्यांनी अहवाल माझ्याच टेबलावर बसून लिहिला. एक पान. नमुन्यात कोणताही रंग नाही. गुलाबीपणा धुरातल्या वायूंचा, निर्धोक. तुलनेचा कबाब धुराविना केला होता. ही चूक प्रयोगशाळेची. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. "बाई, 'चूक' ऐवजी 'त्रुटी' लिहू या का? किंवा नुसतंच गाळू. दुकान तसंही उघडेल. तुमची फाइल अजून साहेबांकडे आहे."

"मग सोमवारी दुसऱ्या कुठल्या तरी गल्लीत दुसरा शकील धरतील, आणि तुमचे तिवारी पुन्हा विजेच्या शेगडीवर कबाब करतील," त्या म्हणाल्या. "चूक लिहिली नाही तर ती दुरुस्त कोण करेल? टाचणी द्या."

शनिवारी पत्रकार आले. साहेबांनी त्यांना अर्धा तास 'लखनौच्या धुराची वैज्ञानिक परंपरा' या विषयावर माहिती दिली आणि आपल्या प्रयोगशाळेने ती कशी उजेडात आणली तेही सांगितलं. बाई शेवटच्या रांगेत बसून समोसा खात होत्या. सोमवारी शकीलभाईंच्या दुकानाचं टाळं निघालं. मंगळवारी बाईंची फाइल माझ्याकडे परत आली. शेरा दोन शब्दांचा होता: 'आवश्यकता नाही'. मी ती घेऊन त्यांच्या खोलीत गेलो, तेव्हा त्या लवंगेच्या नोंदवह्या तिवारींच्या नावाने एका खोक्यात भरत होत्या. शेरा वाचून म्हणाल्या, "अक्षर छान आहे हो साहेबांचं." एक वही त्यांनी खोक्यात ठेवली, पुन्हा काढली, आणि पर्समध्ये टाकली. एवढंच मला दिसलं.

त्या लखनौ सोडून रोह्याला निघाल्या त्या दिवशी स्टेशनवर जायच्या आधी आम्ही अमीनाबादला गेलो. नमुना तपासणीत असताना ज्याचा नमुना त्याच्याकडे खायचं नाही, हा बाईंचा नियम. त्यामुळे शकीलभाईंचा कबाब त्यांनी अजून तोंडातही घातला नव्हता. दुकानात गर्दी होती. शकीलभाईंनी ती हटवली, बाकावर स्वच्छ कापड टाकलं, स्वतः तव्यावरून तीन कबाब उतरवून बाईंपुढे ठेवले आणि हात बांधून उभे राहिले. भाऊ उभे राहिले. पुतण्याही तवा सोडून उभा राहिला. मी लांब, माझ्या नेहमीच्या जागी.

बाईंनी आधी कबाब मोडून आत पाहिलं. मग अंगठ्याने दाबला. मग खाल्ला, डोळे मिटून, सावकाश.

"नमक ज़्यादा है," त्या म्हणाल्या.

पुतण्याने चमकून तव्याकडे पाहिलं. शकीलभाईंचा चेहरा बघवेना. "आपा," ते म्हणाले, "नमक तो दादा के वक़्त से यही है।"

"तो दादा के वक़्त से ज़्यादा है. नमक भी चिपकता है, शकीलभाई. थोड़ा डालो तो गोश्त पानी पकड़ता है. ज़्यादा डालो तो खाली नमक लगता है।"

"या अल्लाह," शकीलभाईंनी कपाळाला हात लावला. "जिस काग़ज़ ने यह दुकान बचाई, वह आपने लिखा। आज रुख़सत हो रही हैं। आज तो झूठ ही बोल देतीं, आपा!"

"झूठ बोलना होता," बाई दुसरा कबाब मोडत म्हणाल्या, "तो पहलेवाले काग़ज़ पे साइन नहीं कर देती?"

शकीलभाईंनी मान झुकवली. मग पुतण्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाले, "कल से चुटकी भर कम।" बाईंनी तिन्ही कबाब संपवले, बोटं पुसली, आणि उशीर होतोय म्हणून मलाच रागावल्या.